मशहदच्या वाटेवर सोनपेठची लेक

सोनपेठहून गंगाखेडच्या स्टेशनाला जाणाऱ्या बैलगाडीत मी बसले, तेव्हा अप्पा दुकानातच होते. बाजाराचा दिवस नव्हता, एक गिऱ्हाईक नव्हतं, तरी ते तराजूची पारडी पुसत बसले होते. माय गाडीचा कठडा धरून रडत होती. गाडी दुकानासमोर आली तशी मी गाडीवानाला थांबवलं, उतरले, आत जाऊन पाया पडले. अप्पांनी मान वर केली नाही.

"मी पोरगी परभणीला दिली हुती," ते म्हणाले. "विलायतंला न्हाई."

"विलायत न्हाई अप्पा, इराण हाय."

"मला दोन्ही सारखंच. जायचंच हाय तर जा. पन तिथून रडत चिठ्ठी धाडू नको. माझ्यानं वाचवनार न्हाई."

एवढंच बोलणं झालं. मी गाडीत येऊन बसले. पाठीमागं पाहिलं तर अप्पा दुसरं पारडं पुसायला लागले होते.

ही हकीकत मी आता लिहायला घेतली, त्याला कारण माझा भाचा विश्वनाथ. तो परभणीला शाळेत शिकवतो. त्यानं लिहिलं की, आत्या, गावात तुझ्याबद्दल लय काय काय बोलतात. कोणी म्हणतं तू वाळवंटात डाकूंवर बंदूक चालवली, कोणी म्हणतं तू उंटावर बसून मशहदला गेलीस. खरं काय ते तू लिही. तर बाबा, मी बंदूक कधी हातात धरली नाही, आणि उंटावर एकदाच बसले, तेही पाच मिनिटं. खाली उतरल्यावर दिवसभर कंबर धरून होते. खरं जे आहे ते लिहिते. तुझ्यासाठी, सोनपेठच्या माझ्या माणसांसाठी, आणि जी माणसं माझ्यासारखी गाव सोडून कुठं कुठं गेली त्यांच्यासाठी.

माझे यजमान बसवंतराव. आपल्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इकडं सगळ्या घेतात, आता मलाही सवय लागली. ते परभणी-जिंतूर रस्त्यावर एका खासगी मालकाची मोटार चालवत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, त्यामुळं त्यांची उर्दू मराठीइतकीच चांगली. ती मोटार बंद पडली आणि ते घरी बसले. त्यांच्याबरोबर काम करणारा एक पठाण ड्रायव्हर क्वेट्ट्याकडचा होता. तो म्हणाला, आमच्या मुलखाच्या पुढं इराणात झाहेदान नावाचं गाव आहे, तिथून मशहदपर्यंत लॉऱ्या जातात, आणि तिथल्या शीख व्यापाऱ्यांना मोटारीचं काम जाणणारी, उर्दू बोलणारी माणसं लागतात. बसवंतरावांनी आठ दिवस विचार केला. मग मला म्हणाले, "येशील का? तू आलीस तरच जायचं." मी एकोणीस वर्षांची होते. मी हो म्हणाले. मला कोणी ओढून नेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

परभणी, मनमाड, दिल्ली, लाहोर, क्वेट्टा. आगगाडीत दिवस मोजायचे सोडून दिले. क्वेट्ट्यानंतर झाड दिसेना. नोककुंडीला रूळ संपले. तिथून पुढं शीख मालकाची लॉरी; ती झाहेदानला न्यायची, हे बसवंतरावांचं पहिलं काम. समोर जमीन अशी सपाट, जशी सारवून ठेवली आहे. त्या सपाटीवर लॉरी उभी करून बसवंतराव खाली उतरले आणि मला म्हणाले, "इकडं ये, स्टेरिंगच्या चाकावर बस."

"मी?"

"वाळवंटात डायवर येकच असला तर लॉरी अर्धीच म्हनायची. मी पडलो तर कोन चालवनार? इथं ठोकायला काय हाय? ना झाड, ना माणूस."

त्या दिवशी मी क्लच दाबायला शिकले. पाय पोचत नव्हता म्हणून पाठीशी गोधडी कोंबली. लॉरी बेडकासारख्या उड्या मारायची आणि बसवंतराव हसून हसून बाजूला वाकायचे. पुढची दोन वर्षं ते जमेल तेव्हा मला असं मोकळ्या जागी शिकवत राहिले. मला तो खेळ वाटायचा.

झाहेदान म्हणजे मातीची घरं, मातीच्या भिंती आणि बारा महिने वारा. गावाचं जुनं नाव चोरांवरून पडलेलं, नवं साधूंवरून. लोक सांगत, दाढीवाल्या सरदारजींना साधू समजून बादशहानं ते बदललं. खरंखोटं मला ठाऊक नाही. गावात गुरुद्वारा होता, हिंदुस्थानी दुकानं होती. ज्वारी नव्हती. सकाळी तंदूरवाल्याकडून हातभर लांब नान आणायची, त्याबरोबर दूग, म्हणजे आपलं ताकच, पुदिना घातलेलं. मी पहिल्या महिन्यात भाकरीसाठी रडले. पण चिठ्ठीत लिहिलं नाही. चिठ्ठीत लिहिलं, इथले खजूर फार गोड आहेत. अप्पांचं उत्तर आलं नाही. मी दर दोन महिन्यांनी लिहीत राहिले: नान चांगलं असतं, शेजारीण चांगली आहे, फारसी थोडी यायला लागली. दोन वर्षांत एक ओळ परत आली नाही. माय दुसऱ्याकडून निरोप लिहवून पाठवायची. त्यातही अप्पांचं नाव नसायचं.

तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, हैदराबादहून एक म्हातारी बाई आणि तिचा धाकटा भाऊ झाहेदानला उतरले. मशहदला इमामसाहेबांच्या दर्ग्याला निघालेले. तिला सगळे बडी बी म्हणत, भावाला मीरसाब. बडी बी पडद्यातली, परक्या पुरुषांबरोबर सहा दिवसांचा प्रवास तिला नको होता. लॉरीचे मालक एक वयस्क सरदारजी होते. ते आमच्या घरी येऊन म्हणाले, "गिरिजा बेटी, तुझी आणि तिची बोली एकच आहे. तू सोबतीला जा." आमच्या सोनपेठच्या गल्लीत दख्खनी ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. बडी बीनं माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "अगे, इत्ता दूर आके अपने गाँव की आवाज सुनी मैं!"

ती वाट फार जुनी. लॉऱ्या येण्याआधी शेकडो वर्षं उंटांचे तांडे तिच्यावरून गेले. उजव्या हाताला उघडे डोंगर, डाव्या हाताला लूतचं वाळवंट, ज्याच्यात तांडेवालेही शिरत नाहीत. तांड्यांसाठी ठिकठिकाणी सराया आणि घुमटाचे हौद बांधलेले. घुमटाखाली पायऱ्या उतरून गेलं की गार पाणी. त्या हौदांवरच सगळ्यांचा जीव. लॉरीत मागं हिंदुस्थानी चहाच्या पेट्या, त्यांच्यापुढं गाद्या टाकून बडी बी आणि मीरसाब, आणि पुढं आम्ही दोघं.

दुसऱ्या दिवशी एकामागं एक तीन पंक्चर झाली. हौदापर्यंत पोचायचं राहिलं, उघड्यावरच मुक्काम पडला. सकाळी उठून पाहते तर पाण्याच्या दोन पखालींपैकी एक सपाट. थंडीनं चामडं उकललं होतं आणि रात्रीतून सगळं पाणी वाळूनं पिऊन टाकलं होतं. दुसरी निम्मी. आम्ही लिंगायत; मी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, एका बोटाच्या टोकाइतक्या पाण्यानं पूजा केली. तेवढ्यात बसवंतराव इंजिन चालू करायला लॉरीच्या पुढं जाऊन हँडल मारायला लागले. इंजिन थंड पडलेलं. चौथ्या-पाचव्या वेळी हँडल उलटं फिरलं. काटकी मोडावी तसा आवाज आला. ते खाली बसले. उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच जागी वाकला होता.

मी माझ्या लुगड्याचा काठ फाडला, चहाच्या पेटीच्या दोन फळ्या काढल्या आणि हात बांधला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध होती. मीरसाब म्हणाले, मागून दुसरी लॉरी येईल, थांबावं. बसवंतरावांनी मान हलवली. दुसरी लॉरी दोन दिवसांनी निघणार होती, आणि निघेलच असं नव्हतं. चार माणसं, निम्मी पखाल, त्यातलंच इंजिनालाही लागणार. पुढचा हौद पंचवीस मैलांवर.

"मी चालवते," मी म्हणाले.

मीरसाब कानाला हात लावून म्हणाले, "औरत मोटर चलाएगी? तौबा!"

बडी बीनं बुरख्याचा पडदा वर टाकला. परक्या पुरुषासमोर तिनं आयुष्यात पहिल्यांदा टाकला असेल. "मीरू," ती भावाला म्हणाली, "तेरेकू आता क्या चलाना?"

"नहीं, बाजी."

"तो चुप बैठ. बेटी, तू चला. मैं तेरे पीछे बैठतीऊँ."

पण चालवायच्या आधी हँडल मारायचं होतं. मीरसाबांच्यानं ते फिरेना. मी पुढं झाले. बसवंतराव जमिनीवर बसल्या बसल्या सांगत होते, "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव. मुठीत धरू नको. मी तीच चूक केली. खालून वर वढ, वरून खाली दाबू नको." पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा हँडलनं झटका दिला, पण अंगठा बाजूला होता म्हणून नुसता हात झिणझिणला. मी रडायच्या बेतात होते. मग एकदम राग आला. कशाचा ते ठाऊक नाही. हँडलचा, वाऱ्याचा, का दोन वर्षं न आलेल्या चिठ्ठीचा. तिसऱ्यांदा ओढलं आणि इंजिन लागलं. त्या आवाजासारखं गोड मी पुढं फारसं काही ऐकलं नाही.

पहिले पाच-सहा मैल नीट गेले. गिअर बदलताना दर वेळी दात खाल्ल्यासारखा आवाज निघायचा आणि बसवंतराव डोळे मिटून घ्यायचे. हातामुळं का गिअरामुळं ते मी विचारलं नाही. मग समोर रस्ताच नाहीसा झाला. वाऱ्यानं वाळू आणून आडवी टाकली होती, पन्नास-साठ पावलं रुंद.

"थांबू नको," बसवंतराव म्हणाले. "जोरात घाल. थांबलीस की रुतलीस."

मी थांबले. इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरले. ते ओरडले, "गिरिजा, काय करायलीस?"

काय करायचं ते मला नीट माहीत नव्हतं. पण आमच्याकडची काळी जमीन मला माहीत होती. पाऊस झाल्यावर गाडी रानातून न्यायची तर शहाणा माणूस आधी बैलांच्या खुरांचे ठसे बघतो. ठसा खोल असेल तिथं गाडी घालत नाही. मी वाळूच्या कडेनं चालत गेले. रस्त्यापासून बरंच बाजूला उंटांचे ठसे होते. इथं खोल, तिथं खोल, आणि मग एका पट्ट्यात अगदी वरवरचे, जणू उंटांनी नुसते पाय टेकले होते. मी टाच मारून पाहिली. खाली खडी होती, घट्ट. तो पट्टा डोंगराच्या बाजूनं लांबवर वळत गेला होता.

मी परत येऊन चाक डोंगराकडं फिरवलं.

"रोड सोडू नको!" बसवंतराव ओरडले. "येड लागलं का? रोड सोडून गेलेल्या लॉऱ्यांची हाडं हायेत इथं!"

"उंटं गेलीत," मी म्हणाले. "ज्या जमिनीनं उंटाला धरलं ती मला बी धरंल."

दोन मैल मी ठशांमागं लॉरी चालवली. एकदा मागचं चाक बसलं; पण पायाखाली गोधडी असल्यासारखं जरासं दबून ते वर निघालं. मागून बडी बीची दुआ एकसारखी ऐकू येत होती. वाळूचा पट्टा मागं पडला, ठसे पुन्हा रस्त्याला मिळाले, आणि बसवंतरावांनी डावा हात पुढं करून माझ्या खांद्यावर ठेवला. मी समोरची नजर हलवली नाही.

इंजिन दोनदा उकळलं. दोन्ही वेळा पखालीतलं पाणी त्याला पाजलं. दुसऱ्या वेळी पखाल रिकामी झाली. दुपार कलायच्या आत हौदाचा घुमट दिसला. तिथं एक तांडा उतरला होता. लॉरी थांबली तशी माणसं जमली. त्यांचा म्हातारा म्होरक्या पुढं आला, चाकावर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, शेजारी हात बांधून बसलेल्या बसवंतरावांकडं पाहिलं, मागं वाकून मीरसाबांकडं पाहिलं. मग विचारलं, "शोफेर कुजास्त?" ड्रायव्हर कुठाय?

मला फारसी थोडीच येत होती. पण ह्याला फार लागत नव्हती.

"मनम," मी म्हणाले. मीच.

म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. मग बसवंतरावांचा हात पाहिला. उंटांची मोडलेली हाडं बसवणारा माणूस तो. त्यानं चौघांना धरायला लावलं आणि हाड जागेवर ओढलं. हाड जुळलं, पण थोडं वाकडं. पुढं आयुष्यभर त्या हाताला जोर आला नाही.

तिथून मशहदपर्यंतचे चार दिवस लॉरी मीच चालवली. वाटेतल्या पोलीस ठाण्यांवर प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, तेच उत्तर. मशहदच्या वेशीवर दर्ग्याचा सोन्याचा घुमट दिसला तेव्हा बडी बीनं मला लॉरी थांबवायला सांगितली. तिनं घुमटाला सलाम केला, माझा कळकट हात हातात घेऊन डोळ्यांना लावला आणि विचारलं, "तेरे बावा का नाम क्या? दुकान कहाँ है?" मी सांगितलं. मला वाटलं सहजच विचारलं.

झाहेदानला परत आल्यावर सरदारजी आधी नाहीच म्हणाले. बाईच्या हाती लॉरी दिली तर लोक काय म्हणतील! बसवंतराव म्हणाले, "माल पोचला का? माणसं पोचली का? मग लोकांना काय म्हनायचं ते म्हनू द्या." सरदारजींनी दाढी कुरवाळली. मग किल्ली माझ्याकडं दिली. त्यानंतर नऊ वर्षं मी त्या वाटेवर लॉरी चालवली. बसवंतराव शेजारी बसत. इंजिनाचा आवाज ऐकून ते आजार सांगायचे, वैद्य नाडी बघून सांगतो तसे. बऱ्याच जणांना वाटायचं, बिचारा, बायको मोटार चालवते. त्यांना स्वतःला कधी तसं वाटलं नाही. नव्या माणसाला ओळख करून देताना ते आधी सांगायचे, "ह्या आमच्या डायवर," आणि मग, "घरवाली बी हायेत."

त्या प्रवासानंतर पाच महिन्यांनी पत्र आलं. आतलं मोडी अक्षर मी बघताक्षणी ओळखलं. अप्पांचं अक्षर. ते पत्र मला पाठ आहे:

"चिरंजीव गिरिजास अनेक आशीर्वाद. हैदराबादच्या एक म्हाताऱ्या बाई परभणीला आगगाडी बदलून, गंगाखेडहून बैलगाडी करून आपल्या दुकानात येऊन गेल्या. वय सत्तरीचं असेल. एवढा आडवाटेचा प्रवास फक्त सांगायला केला. म्हणाल्या, तुमच्या लेकीनं चार जीव वाचवले, मी सांगितल्याशिवाय मेले तर खुदाला काय तोंड दाखवू. दोन तास बोलत होत्या. तुझ्या मायनं त्यांना गूळ-पाणी दिलं. बाजाराच्या दिवशी जो जो दुकानात आला त्याला मी ही हकीकत सांगितली. काहींना दोनदा सांगितली असं तुझी माय म्हणते. तुझ्या साऱ्या चिठ्ठ्या मजजवळ आहेत. खजूर गोड आहेत हे मला खरं वाटलं नव्हतं. आता रडायची चिठ्ठी पाठवलीस तरी मी वाचीन."

त्या दिवशी मी अप्पांना आठ पानं लिहिली. भाकरीसाठी रडले तेही लिहिलं.

पुढं लढाई आली. आमच्या एकट्यादुकट्या लॉऱ्यांच्या वाटेवर फौजेच्या लॉऱ्यांच्या रांगाच्या रांगा सुरू झाल्या, आणि त्या चालवणाऱ्यांत आपल्याकडचीही मुलं आली. एकदा बिरजंदच्या पुढं एक जवान चाकाखालची वाळू उकरत "आयला ह्या रेतीच्या" म्हणताना ऐकला. मी लॉरी थांबवून म्हणाले, "दादा, आधी हवा कमी कर, मग चटई घाल." तो फावडं टाकून माझ्याकडं बघतच राहिला. साताऱ्याकडचा होता. त्यानं आपल्या सगळ्या सोबत्यांना बोलावलं, आणि त्या रणरणत्या माळावर आम्ही अर्धा तास मराठी बोललो. विषय काय, तर कुणाकडं कुठली भाजी कशी करतात.

मग देशाचे दोन देश झाले आणि क्वेट्ट्यावरून गावाकडं जाणारी वाट आमच्यासाठी मिटली. सोनपेठची पत्रं कधी तीन महिन्यांनी यायची, कधी नाहीच. निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष कसं गेलं ते तुम्ही भोगलंय, मी लांबून नुसती वाट पाहिली. सगळं निवळल्यावर अप्पांचं पत्र आलं. जिवाच्या भीतीनं दुकानाला कुलूप घालून ते आणि माय वऱ्हाडात पाहुण्यांकडं सात महिने राहिले होते. दुकानाची किल्ली शेजारच्या मुसलमान दर्ज्याकडं होती आणि परत आले तेव्हा तराजूसुद्धा जागच्या जागी होता. अप्पांनी लिहिलं होतं, "बेटा, परक्या गावात पहिल्या सकाळी माणूस उठतो तेव्हा भिंत कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही. तू हे एकोणिसाव्या वर्षी केलंस. मला सत्तराव्या वर्षी जड गेलं."

त्याच सुमारास झाहेदानमध्ये हिंदुस्थानी लोकांचे नवे कागद करायला एक साहेब आला. आमच्या जुन्या कागदांवर आम्ही निजाम सरकारची रयत होतो आणि ते सरकार आता राहिलं नव्हतं. गुरुद्वाऱ्याच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. साहेब तरुण होता, हिंदी बोलत होता.

"जन्माचं गाव?"

"सोनपेठ. जिल्हा परभणी."

"देश?"

"हिंदुस्थान," मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. ओसरीवरच्या दोन-तीन सरदारजींनी वळून पाहिलं.

"कायमचं राहणं?"

मी बसवंतरावांकडं पाहिलं; त्यांनी उत्तर माझ्यावर सोडलं. "झाहेदान," मी म्हणाले.

"पेशा?"

"मोटार ड्रायव्हर."

साहेबानं टाक उचलला. "बाई, यजमानांचा नाही. तुमचा विचारतोय."

"माझाच सांगितला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. हँडल मारून मारून माझ्या तळव्यांना जे घट्टे पडलेत ते बघून त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. त्यानं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

विश्वनाथ, तू विचारलंस, आत्या, तुझं घर आता कोणतं? त्या कागदावर आहे बघ. वरच्या ओळीत सोनपेठ, खालच्या ओळीत झाहेदान, आणि दोन्हींच्या मधली वाट मी स्वतः चालवून काढलेली. तुझी पोरं कुठं लांब निघाली तर त्यांना अडवू नको. निघताना अप्पांसारखा आत बसू नको, बाहेर येऊन उभा राहा, तेवढं कर. आणि कधी इकडं यायचं मनात आलं तर समुद्रानं या, बंदराला उतरा आणि मला तार करा. न्यायला मी येईन.